किनारा आणि शम्मा

जुन्या फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, की आत काहीतरी मरायला लागलं आहे असं समजायचं. फिल्म वर्षानुवर्षं उकाड्यात आणि दमट हवेत राहिली की तिच्यातून आम्ल सुटतं. आधी वास येतो, मग फिल्म आक्रसते, मग तिला सुरकुत्या पडतात. संयुक्त अरब अमिरातीतल्या एका सरकारी अभिलेखागारात मी नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं नोकरी केली. तिथे माझ्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा नाकाने व्हायची.

त्याआधी मी मुंबईच्या एका मराठी दैनिकात फोटो विभागात होते. वर्तमानपत्रात फोटोचं आयुष्य एका सकाळपुरतं असतं. छापून झाला की तो पाकिटात जातो, पाकीट कपाटात, आणि कपाट भरलं की रद्दीत. नवऱ्याला शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा मुलीला घेऊन मीही गेले. काही महिन्यांनी अभिलेखागाराची जाहिरात पाहिली. जुन्या फोटोंची ओळख पटवणारं, फोटोखाली मजकूर लिहिणारं आणि डार्करूमचं काम येणारं माणूस हवं होतं. ते माणूस बाईच असावं, असंही जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. त्याचं कारण रुजू झाल्यावर कळलं.

देश तरुण होता. त्याच्या जन्माआधीचे फोटो सरकारकडे फार थोडे होते. जे होते ते लोकांच्या घरी, पेट्यांत आणि पत्र्याच्या डब्यांत. ससाणे, होड्या, खजुराच्या बागा, पाहुण्यांसोबत बसलेले आजोबा हे सगळं लोक आनंदाने आणून द्यायचे. घरातल्या बायकांचे फोटो मात्र परक्या पुरुषाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत, हा तिथला रिवाज. त्यामुळे देण्याआधी लोक घरीच कात्री चालवायचे. मुलाच्या खांद्यावर हात दिसायचा आणि हाताची मालकीण कापलेली असायची. एका घराने तर अख्खी फिल्म जाळली होती, कारण तीत कुठेतरी मावशी होती.

आमचे संचालक सालेमसाहेब हे पस्तिशीतले, शांत, हळू बोलणारे स्थानिक अरब. त्यांनी यावर एक सोपी तोड काढली होती. घरच्यांनी काहीही कापायचं नाही, आहे तसं आणून द्यायचं. अभिलेखागारातली बाई बंद खोलीत ते पाहील, बायकांचे फोटो वेगळे काढेल आणि सगळ्या प्रतींसह घरच्यांना परत देईल. या व्यवस्थेला कागदावर फारसा आधार नव्हता. लोक सालेमसाहेबांच्या शब्दावर विसंबून डबे आणत. ती बंद खोली आणि तिची किल्ली माझ्याकडे होती. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर लोकांच्या हातातली कात्री खाली ठेववणं.

येणारे सगळेच डबे घेऊन येत असं नाही. एकदा एक गृहस्थ मोठी चौकट घेऊन आले. आपल्या आजोबांच्या काळातला बाजार आहे, म्हणाले. चित्र एका जुन्या कॅलेंडरचं होतं आणि बाजार दुसऱ्याच देशातला. सालेमसाहेबांनी त्यांना कॉफी दिली, फोटोची सन्मानाने नक्कल करून घेतली आणि चौकट परत केली. ते गेल्यावर मी विचारलं, यांना खरं का सांगितलं नाही. सालेमसाहेब म्हणाले, "त्यांच्या भिंतीवर तो गेली कितीतरी वर्षं त्यांचाच बाजार आहे. आपल्या कपाटात तो त्यांचा म्हणून नसला म्हणजे झालं." दुसऱ्या एकाला वडिलांच्या शेजारी उभा असलेला माणूस फोटोतून काढून हवा होता, कारण पुढे दोन घरांचं भांडण झालं. त्याला पास्कलभाऊंनी हिंदीत समजावलं, "हबीबी, ये सरकारी जगह है. झगडा घर पे, फोटो इधर."

पास्कलभाऊ आमचे दुरुस्तीतज्ज्ञ. वसईचे. तरुणपणी मुंबईच्या एका स्टुडिओत रिटचिंग करायचे, म्हणजे बारीक पेन्सिलीने निगेटिव्हवरून नवऱ्या मुलींच्या गालांवरचे डाग घालवायचे. नंतर दुबईच्या एका लॅबमध्ये आणि तिथून आमच्याकडे. अभिलेखागाराने त्यांना काही महिने युरोपात शिकायला पाठवलं होतं आणि ते त्यांनी कधी कुणाला विसरू दिलं नाही. स्वतःच्या हातांचं त्यांना फार कौतुक. दारसुद्धा कोपराने ढकलायचे. मला ते बाय म्हणायचे, आणि माझ्या कामात चूक सापडली की मॅडम.

एका उन्हाळ्यात खोर फक्कानहून राशिद नावाचे एक गृहस्थ बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. वय पन्नाशीच्या आसपास, बंदरात नोकरी. सोबत त्यांची आई होती. तिकडे बाईला मोठ्या मुलाच्या नावाने ओळखतात, म्हणून ती उम्म राशिद, राशिदची आई. डबा तिच्या भावाचा होता. तो नुकताच वारला होता. हा भाऊ तरुणपणी खजूर घेऊन गलबतातून मुंबईला जायचा आणि तिथून त्याने एक साधा डबा कॅमेरा आणला होता. फिल्म धुण्याची सोय खोर फक्कानला नव्हती. काढलेली फिल्म पुढच्या फेरीत मुंबईला जायची आणि गलबत परत आलं की चित्र दिसायचं.

सालेमसाहेब डबा पाहून खुर्चीवरून उठले. खोर फक्कानला तेव्हा मोठं कंटेनर बंदर होतं. क्रेन, धक्का, ट्रकांच्या रांगा. त्याच्याआधीचा किनारा, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, झावळ्यांची घरं, यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं.

राशिद म्हणाले, "किनारा तुम्ही ठेवून घ्या. पण यात माझ्या बहिणीचा एक फोटो आहे. तो पुरुषाने पाहायचा नाही. सापडला तर आईला द्यायचा."

सालेमसाहेबांनी छातीवर हात ठेवला. शब्द देण्याची त्यांची ती पद्धत होती.

उम्म राशिद माझ्या खोलीत येऊन बसली. दार लागल्यावर तिने तोंडावरची सोनेरी झाक असलेली मुखपट्टी वर केली. एक डोळा पूर्ण गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत होता. मी मुंबईची म्हटल्यावर ती हिंदीत बोलायला लागली. नवऱ्याबरोबर दोन हिवाळे ती मुंबईत राहिली होती.

"उधर का पानी मीठा था," ती म्हणाली. "और लोग बहोत चिल्लाते थे."

"अभी भी चिल्लाते हैं," मी म्हटलं.

ती हसली. मग तिने सांगितलं ते असं. शम्मा ही तिची थोरली. दहा-अकरा वर्षांची असताना मामाने तिला भिंतीपुढे उभं करून तिचा फोटो काढला. फिल्म मुंबईला गेली. गलबत परत येईपर्यंत शम्मा तापाने गेली होती. भाऊ निगेटिव्ह घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिने पाहायला नकार दिला. जाळून टाक, म्हणाली. त्याने जाळली म्हणून सांगितलं. मरण्याच्या काही दिवस आधी त्याने खरं सांगितलं, की जाळली नाही.

"मेरे को उसकी आवाज याद है," उम्म राशिद म्हणाली. "पाँव याद हैं, इतने इतने. सूरत पकड में नहीं आती. पोती को देखती हूँ तो पोती की सूरत उसपे बैठ जाती है. डॉक्टर बोलता है ये आँख का ऑपरेशन करेंगे, इन्शाल्ला. ठीक होगी या नहीं, वो नहीं बोलता. उसके पहले एक बार देख लूँ."

मी तिला काहीही कबूल केलं नाही. वर्तमानपत्रात पहिल्या वर्षी शिकवतात ते एवढंच, की हातात नसलेल्या गोष्टीचं आश्वासन द्यायचं नाही.

डब्यातल्या बहुतेक निगेटिव्ह सुट्या होत्या. काहींना बुरशी लागली होती, तरी त्या वाचण्यासारख्या होत्या. तळाशी मात्र दोन एकमेकींना चिकटल्या होत्या. निगेटिव्हवर चित्र असतं ते जिलेटिनच्या पातळ लेपात. समुद्रकाठच्या दमट हवेत हे जिलेटिन फुगतं, चिकट होतं आणि पुन्हा वाळतं. या दोघींच्या लेपाच्या बाजू समोरासमोर होत्या आणि त्यांची एकच फिल्म झाली होती. मी ती प्रकाशाच्या टेबलावर ठेवली. एका चित्रात किनाऱ्यावरच्या होड्या होत्या, दुसऱ्यात एक मुलगी. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. मुलीचा चेहरा काळा होता, केस पांढरे, आणि केसांतून होड्यांच्या डोलकाठ्या वर आल्या होत्या.

मी बाहेर येऊन पास्कलभाऊंना सांगितलं.

"पाण्यात भिजवून सोडवता येतात," ते म्हणाले. "पण समोरासमोर म्हणजे वाईट. सुटताना एकीचा लेप दुसरीवर जाणार. कुठलीला धरायचं आणि कुठलीला त्रास द्यायचा, हे आधी ठरवावं लागेल. दोघी धडधाकट निघतील असं मी सांगणार नाही."

हे ठरवणं सालेमसाहेबांचं काम होतं. संस्थेच्या दृष्टीने उत्तर सरळ होतं. त्या बाजूने घेतलेलं किनाऱ्याचं दुसरं चित्र डब्यात नव्हतं, आणि मुलीचा फोटो तर आमच्याकडे राहणारही नव्हता. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "तो किनारा पाहिलेले म्हातारे अजून पुष्कळ आहेत. ते मला सांगतील. हिला पाहिलेलं माणूस एकच उरलं आहे. मुलीला धरा."

दुसरा प्रश्न हातांचा होता. असली फिल्म सोडवू शकणारे हात अभिलेखागारात एकाच माणसाचे होते आणि तो पुरुष होता.

"सर, निगेटिव्हमध्ये पोरगी म्हातारी दिसते," पास्कलभाऊ त्यांना इंग्रजीत म्हणाले. "काळा चेहरा, पांढरे केस. मी काय पाहणार?"

"मी शब्द दिला आहे," सालेमसाहेब म्हणाले.

"मग डोळ्यांवर पट्टी बांधून करू?"

"नाही. नीला करील. तुम्ही दाराबाहेरून सांगाल."

पास्कलभाऊंनी माझ्या हातांकडे असं पाहिलं, जसं सासू सुनेच्या पहिल्या पोळीकडे पाहते.

पुढचे काही आठवडे मी सराव केला. ऑफिसच्या सहलीच्या निगेटिव्ह त्यांनी मुद्दाम ओल्या करून एकमेकींवर चिकटवून वाळवल्या आणि मी त्या सोडवत राहिले. पहिल्या खेपेला आमच्या हिशेबनिसांचं डोकं बार्बेक्यूच्या शेगडीवर गेलं. "ठीक आहे, मॅडम," पास्कलभाऊ म्हणाले, "तसाही तो तापटच आहे." हळूहळू कमी डोकी जाऊ लागली.

पाण्याचीही तयारी करावी लागली. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं ते पाणी चहाला चालेल इतकं गरम असतं. गरम पाण्यात जिलेटिन विरघळतं. त्यामुळे औद्योगिक क्षेत्रातल्या गॅरेजवाल्यांकडून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणायचं आणि त्यातलंच काही फ्रीजमध्ये गोठवून बर्फ करायचा. तो बर्फ घालून ट्रे थंड ठेवायचा, असा पास्कलभाऊंचा नियम होता. फ्रीजमधल्या बर्फाला कुणी हात लावू नये म्हणून त्यांनी त्यावर तीन भाषांत विष असं लिहून ठेवलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी मी दार लावून घेतलं. बाहेर पास्कलभाऊ स्टुलावर बसले. थोड्या वेळाने सालेमसाहेबही चहाचा पेला घेऊन आले आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसले.

"काय दिसतंय, बाय?"

"एक कोपरा सुटतोय."

"सुटतोय की तू सोडवतेयस?"

"सुटतोय."

"बघ हां. बोटं पाण्याबाहेर. पाण्याला काम करू दे."

"काय म्हणतेय?" सालेमसाहेबांनी विचारलं. आमचं बोलणं मराठीत चाललं होतं.

"बेबी अजून आली नाही, सर," पास्कलभाऊंनी इंग्रजीत सांगितलं. "बाहेर बसून राहायचं. आपल्या हातात काही नाही."

"माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी मी असाच बसलो होतो," सालेमसाहेब म्हणाले.

मुलीच्या निगेटिव्हचा प्लास्टिकचा पापुद्रा आधी सुटला. तो स्वच्छ, कोरा निघाला. म्हणजे तिचं चित्र आपलं प्लास्टिक सोडून किनाऱ्याच्या चित्रावर जाऊन बसलं होतं. मी हे दारातून सांगितलं.

"घाबरू नकोस," पास्कलभाऊ म्हणाले. आवाज बदलला होता. "असं होतं. आता तिचा लेप सायीसारखा वर येईल. दुधावरची साय बघितलीयस ना? तशी. ओढायची नाही. पाणी हलवायचं नाही. श्वाससुद्धा दुसरीकडे सोड. किनारा खाली दाबून ठेव, मुलगी आपण होऊन सुटेल."

ती सुटली. एका कडेला किनाऱ्याचा लेपही थोडा तिच्याबरोबर उचलला गेला आणि फाटला. मी पास्कलभाऊंना विचारलं नाही, कारण उत्तर सालेमसाहेबांनी आधीच दिलेलं होतं. मी मुलीला धरलं. पाण्यावर एक धुरकट चौकोन तरंगत होता. कापड नाही, कागद नाही, नुसता रंग. त्यात मुलगी होती.

"आता काच. स्वच्छ काच खालून आण, अलगद, आणि मुलीला तिच्यावर झोपव."

मी काच खालून आणली. साय काचेवर उतरली, एक सुरकुती पडली, ती ब्रशने सारखी केली. मग मी दार उघडून फक्त डोकं बाहेर काढलं.

"झालं," मी म्हटलं.

"अल्हम्दुलिल्ला," सालेमसाहेब म्हणाले. पास्कलभाऊंनी छातीवर क्रूस काढला आणि मग लगेच विचारलं, "किनाऱ्याचं किती गेलं?" एक कोपरा गेला होता. आज त्या फोटोच्या प्रतीत उजव्या हाताला एक काळा डाग आहे. तिथे दोन होड्या होत्या.

काच वाळल्यावर मी तिचा फोटो छापला. तेही मलाच करावं लागलं. पास्कलभाऊ बाहेरून नियम सांगत होते, की लेपाची बाजू कागदाकडे, चकचकीत बाजू दिव्याकडे. डार्करूममध्ये काम केलेल्या कुणालाही हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या ट्रेमध्ये चेहरा वर आला. मातीची भिंत, भिंतीपुढे एक किडकिडीत मुलगी, नक्षीचा सैल झगा, डोक्यावरून सरकलेली ओढणी. ती हसत नव्हती. कॅमेरा म्हणजे काय हे कळत नसलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा होता, कुतूहलाचा.

मसाफीवरून डोंगर ओलांडून आम्ही खोर फक्कानला गेलो. गाडीत मी आणि ड्रायव्हर. राशिद दारात उभे होते. मी आत बायकांच्या दालनात गेले. उम्म राशिदने मुखपट्टी काढली, फोटो खिडकीपाशी नेला, चांगल्या डोळ्याजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. मग माझ्या हातात परत दिला.

"ये वो नहीं है," ती म्हणाली.

मी सांगितलं की डब्यात मुलीचा फोटो हा एकच होता.

"झगा वही है. दीवार हमारी है. लडकी वो नहीं है." ती माझी समजूत घालत असल्यासारखी बोलत होती. "भाई ने किसी और को पहना दिया होगा. किसी और की बेटी है. उसकी माँ को दे दो."

बाहेर राशिदनी माझी माफी मागितली. "आईला आता आठवत नाही," ते म्हणाले. "डोळाही गेला. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." आतून काही आवाज येत नव्हता. तिने ऐकलं असावं, कारण दालनाला दार नव्हतं, पडदा होता.

घरी माझ्या मुलीने विचारलं म्हणून तिला सगळं सांगितलं. ती सातवीत होती. "मे बी शी फरगॉट, आई," ती म्हणाली आणि अभ्यासाला गेली. मलाही तसंच वाटत होतं. सालेमसाहेबांनाही तसंच वाटलं. ते फक्त म्हणाले, "मग आपण तिचा शेवटचा आधारही काढून घेतला. आतापर्यंत तिला वाटत होतं, की फोटो पाहिला की आठवेल."

पास्कलभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दाराशी आले.

"बाय, एक सांग. म्हातारी नक्की काय म्हणाली?"

"झगा तोच, भिंत तीच, मुलगी ती नाही."

"म्हणजे सगळं बरोबर आणि चेहरा चूक." मग त्यांनी विचारलं, "काच तू खालून आणलीस ना?"

"तुम्हीच सांगितलंत."

"मीच सांगितलं. आणि साय वर आली तेव्हा तिची कुठली बाजू वर होती?"

मुलीचं चित्र किनाऱ्यावर तोंड खाली करून पडलेलं होतं. ते तसंच तरंगलं आणि तसंच, पाठ वर करून, काचेवर आलं. नेहमीच्या निगेटिव्हला लेपाची बाजू कागदाकडे केली की चित्र सरळ येतं. इथे लेपच उलटा बसलेला होता. नियम अचूक पाळला म्हणून फोटो उलटा आला होता, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. वर्तमानपत्रात फोटो उलटा छापला गेला तर सदऱ्याच्या गुंड्या, मनगटावरचं घड्याळ, दुकानाची पाटी यांवरून पकडता येतो. इथे गुंड्या नव्हत्या, घड्याळ नव्हतं, पाटी नव्हती. साधी भिंत होती आणि चेहरा. चेहऱ्याची डावी-उजवी बाजू माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं आणि त्याने आम्हाला सांगितलंही होतं.

"गाढव आहोत आपण दोघं," पास्कलभाऊ म्हणाले. "मी युरोपात शिकलेला गाढव." ते डोळे पुसत होते. मी तिकडे पाहिलं नाही. "यल्ला, चल, छाप."

मी काच उलटी करून फोटो पुन्हा छापला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. झगा सारखाच, भिंत सारखीच. पण भुवया वेगळ्या उंचीवर होत्या, ओठांचा एक कोपरा किंचित खाली होता, आणि ते दुसऱ्या बाजूला गेल्याबरोबर ती वेगळी मुलगी झाली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं तरी मला ते दिसलं.

नियमाप्रमाणे कुठलीच प्रत आमच्याकडे राहू शकत नव्हती. म्हणून दोन्ही फोटो आणि काच घेऊन मी पुन्हा खोर फक्कानला गेले. या वेळी उम्म राशिद उठून खिडकीपाशी गेली नाही. बसल्या जागी हात पुढे केला. आधीच्या वेळेची उत्सुकता तिच्यात नव्हती. मुलगा काय बोलला होता ते तिने ऐकलं होतं हे तेव्हा मला नक्की कळलं.

मी नवा फोटो दिला. तिने तो चांगल्या डोळ्याजवळ नेला आणि तिथेच ठेवला. बराच वेळ तिचा चेहरा फोटोच्या मागे होता. मला फक्त बोटं दिसत होती.

"हाँ," ती म्हणाली.

मग फोटो खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. "मैं भूली नहीं थी."

"आप नहीं भूली थीं," मी म्हटलं. "गलती हमारी थी. पहली तस्वीर उलटी थी. जैसे आईने में दिखता है, वैसी."

तिने यावर विचार केला. मग हात पुढे करून तो पहिला फोटोही मागितला. मी म्हटलं, तो चुकीचा आहे, फाडला तरी चालेल. तिने मान हलवली. दोन्ही फोटो मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"भाई बंबई से आईना लाया था, छोटा, हाथ का," ती म्हणाली. "सारा दिन लेके बैठती थी. मैं डाँटती थी, काम कर, काम कर." तिने उलट्या फोटोवर बोट ठेवलं. "ये उसने देखी है." मग सरळ फोटोवर. "ये मैंने देखी है."

मग तिने अरबीत हाक मारली आणि राशिद पडदा सारून आत आला. बहीण गेली तेव्हा तो मांडीवरचा होता. तिचा चेहरा त्याने पाहिलेलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. तो आईजवळ गुडघ्यांवर बसला, दोन्ही फोटो हातात घेतले, आळीपाळीने पाहिले आणि विचारलं, यातली शम्मा कुठली. तेवढं अरबी मला येत होतं.

"दोन्ही," ती म्हणाली.